आत्याची काठी आणि झाडाचा गळा

खरं सांगू? हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा टाइप केलं, दोनदा खोडलं. जिच्याबद्दल लिहितेय ती कॉलेजात माझ्याच बाकावर बसते आणि तिने बजावून ठेवलंय, "माझं नाव कुठे छापून आलं तर तुझा डबा रोज मी खाणार." मला डबा प्यारा आहे, त्यामुळे नाव नाही. घरात तिला गडबड म्हणतात, आपणही तेच म्हणू.

गडबड म्हणजे चहा उकळायच्या आधीच गाळणारी मुलगी. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग, ही म्हण तिच्याकडे बघूनच कुणाला तरी सुचली असणार. रडायला लागली की नळ सुटतो, हसायला लागली की शेजारच्या वर्गातले सर डोकावून जातात. आईबाबा दोघंही नोकरीसाठी परगावी, म्हणून कॉलेजपुरती ती आत्याकडे राहते. तळमजल्याचं घर, एका बारक्या गल्लीत. आत्या शाळेचे गणवेश शिवते. पुढच्या खोलीत मशीन, मशीनसमोर खिडकी आणि खिडकीबाहेर फुटपाथवर एक मोठं, रुंद पानांचं झाड. दुपारी त्याची सावली थेट कापडावर पडते. आत्या म्हणते, "पडदा धुवायला नको, इस्त्री करायला नको. असा पडदा कुणाकडे आहे?"

त्याच झाडाच्या बुंध्याशी आत्या पडली. बटणं आणायला निघाली होती, मुळांपाशी चिखल साचलेला, पाय सटकला आणि मांडीचं हाड मोडलं. आत लोखंडी पट्टी बसवली, हाड जुळलं, हातात काठी आली. पण आत्या काही उंबरा ओलांडेना. "काय कमी आहे मला घरात?" म्हणायची आणि संध्याकाळी खिडकीशी बसून जाणाऱ्यायेणाऱ्यांच्या चपला बघत राहायची.

गडबडीला ते बघवेना. तिने फोन काढला, पालिकेचं ॲप उघडलं, चिखलाचा फोटो टाकला आणि धडाधड टाइप केलं: माझी आत्या इथे पडली, अजून कुणी पडायची वाट बघताय का, कायमचा बंदोबस्त करा! उद्गारचिन्हं तर मूठभर.

आणि काय आश्चर्य! पालिकेनं ऐकलं. ती परीक्षेच्या धांदलीत असताना माणसं आली, सिमेंट आलं आणि गल्लीभर टाइल्स बसल्या. सपाट, चकचकीत, आणि गल्लीतल्या प्रत्येक झाडाच्या बुंध्याला पार चिकटवून सिमेंट. चिखलाला जागाच उरली नाही. शेजाऱ्यांनी तिची पाठ थोपटली. ॲपवर तिने पाचही तारे देऊन टाकले. आणि आत्या? आत्या काठी टेकत उंबऱ्याबाहेर आली. एक पाऊल, मग दुसरं, मग थेट कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. परत आली तेव्हा तिच्या मुठीत धाग्याचं एक रीळ होतं, जे घरात आधीच डझनभर पडून होतं. गडबड रडली. अर्थातच.

कॉलेजात आमचा एक पर्यावरण गट आहे. तिथे तिने फुटपाथचा फोटो मोठ्या दिमाखात टाकला. गटात एक सीनियर ताई आहे, फार बोलत नाही, पण बोलली की सालपट निघतं. तिने एवढंच लिहिलं, "सत्काराचा फोटो आहे की झाडांचे गळे आवळल्याचा?"

गडबड भडकली. शंभर उत्तरं मनात तयार केली. मग घरी गेली आणि पहिल्यांदाच झाडाकडे नीट बघितलं. पानगळीचे दिवस नसतानाही खाली पानांचा सडा होता. उरलेली कडेनं करपलेली. तिने आतून बादलीभर पाणी आणून बुंध्याशी ओतलं. पाणी आत गेलंच नाही. टाइल्सवरून पसरत रस्त्यावर निघून गेलं, जाताजाता तिचे पाय भिजवून.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती! तिने परत ॲप उघडलं. ॲप म्हणालं, ही तक्रार सोडवलेली आहे, आपण समाधानी आहात. आता काय करणार, समाधानी तर होतीसच ना बाई तू!

मग ती वॉर्ड ऑफिसात गेली. आयुष्यात पहिल्यांदा. लांब बोळ, बोळाच्या टोकाला पदपथ विभागाची खोली, पंखा गरगरतोय आणि टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर फुटक्या टाइल्सचे तुकडे ठेवलेले. मागे इंजिनियर साहेब.

"बोला."

"साहेब, आमच्या गल्लीतला फुटपाथ तोडायचाय."

"कुणी केला? आम्हीच?"

"हो."

"वाईट केलाय?"

"नाही. चांगला केलाय."

साहेबांनी चष्मा कपाळावर ढकलला. "तक्रार कुणाची होती?"

"माझी."

"आणि आता तक्रार कुणाविरुद्ध?"

"माझ्याच."

साहेबांनी स्टूल पुढे सरकवलं. "बस. आधी पाणी पी." मग स्वतःशीच हसत म्हणाले, "फुटपाथ नाही म्हणून शिव्या खाल्ल्या, खड्डे आहेत म्हणून खाल्ल्या. छान आहे तर तोडा म्हणणारी तू पहिलीच."

गडबडीनं सगळं भडाभडा सांगितलं. साहेबांनी कॉम्प्युटरवर तिचा जुना फोटो काढला आणि स्क्रीन तिच्याकडे वळवली. फोटोत चिखलच चिखल. झाड कुठे होतं? एका कोपऱ्यात हातभर बुंधा, बाकीचं तिनेच कापून टाकलेलं, चिखल ठसठशीत दिसावा म्हणून.

"यात मला झाड दिसावं कसं?"

"म्हणजे तुम्ही कुणी बघायला आलाच नव्हतात?"

"तू तरी कुठे आली होतीस सांगायला?"

साहेबांनी स्क्रीन परत स्वतःकडे वळवली.

शेवटी साहेब म्हणाले, "शनिवारी सकाळी येतो. पण एक सांगतो. ज्या बाई पडल्या म्हणून हे केलं, त्यांनी माझ्यासमोर तोडा म्हणायला हवं. त्या परत पडल्या तर तुला कोण विचारणार? माझी मानगूट धरतील. त्या नाही म्हणाल्या तर मी आल्या पावली परत."

गडबडीला वाटलं, एवढंच ना! आत्या काय, घरचीच आहे. घरी जाऊन पायातल्या चपला काढायच्या आधीच सांगून मोकळी झाली.

आत्याचं मशीन थांबलं. "तोडायचा?"

"फक्त झाडांभोवती, गं. थोडासा."

"मी जिथे पडले तिथेच ना?"

"आत्या, झाड मरतंय!"

"झाडाला पाय नाहीत. त्याला पडायची भीती नसते." आत्यानं कापड पुढे सरकवलं. "मी किती दिवस या खिडकीत बसून काढले ते तू बघितलंस. आता मी दुकानापर्यंत जाते. ते तुला बघवत नाही का?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. गडबडीनं रडारड केली, आदळआपट केली, जेवायचं नाही म्हणून सांगितलं आणि मग गुपचूप जेवली. आत्या तिच्याशी बोलेना.

शुक्रवारी सकाळी डोकं फिरलं आणि हिने शेजाऱ्यांकडून छिन्नी-हातोडा मागून आणला. साहेबांची वाट कशाला बघायची? बसली बुंध्याशी आणि ठोकायला लागली. सिमेंटचा एक पट्टा निघाला, दुसरा निघाला, शेजारची टाइल तडकून वर आली. आणि आवाज ऐकून आत्या बाहेर आली. काठी नेमकी त्या तडकलेल्या टाइलवर. काठी सरकली, आत्या कलली. गडबडीनं हातोडा फेकून तिला दोन्ही हातांनी कवटाळलं. पडली नाही. पण दोघींची छाती अशी धडधडत होती की कुणाची कुठली ते कळेना.

"सॉरी आत्या. सॉरी. मी सगळं परत बुजवते. राहू दे ते झाड." ती हमसाहमशी रडत होती आणि तिला ते खरंच म्हणायचं होतं.

आत्याची नजर खाली गेली होती. सिमेंट निघालं होतं तिथे साल ओली, पांढुरकी पडली होती आणि सिमेंटच्या कडेचा खोल वळ बुंध्यावर उठला होता. आत्यानं वाकून त्यावर बोट फिरवलं. ऑपरेशननंतरचं बँडेज काढल्यावर तिच्या पायाची कातडी दिसत होती ना, तस्सं.

मग म्हणाली, "उघडं ठेवलंत तर परत चिखल. वर काहीतरी घाला. पण मी त्यावरून आधी चालून बघणार. हललं तर साहेबांच्या तोंडावर नाही म्हणेन. मग रडायचं नाही."

"नाही रडणार."

"तू? चल, चहा टाक. आणि उकळू दे जरा!"

शनिवारी साहेब खरंच आले. हाफ शर्ट, सोबत दोन कामगार आणि झाडाभोवती बसवायची एक लोखंडी जाळी. गल्ली दारादारांत उभी. गडबडीनं फोडलेल्या जागेवर जाळी बसवली, आत्यानं काठी टेकली, काठीचं टोक भोकात अडकलं. "घ्या," आत्या म्हणाली. "अडकवलंत मला." साहेबांनी मान खाजवली. गडबड म्हणाली, "खडी टाकू या?" कामगार म्हणाला, "खडी सरकते, ताई." मग साहेबांनाच आठवलं, कुठल्याशा बागेत नुसत्या वाळूवर विटा बसवल्या होत्या, सिमेंटशिवाय. पाणी फटींतून मुरतं. वरच्या मजल्यावरच्यांच्या गच्चीत जुन्या विटा पडून होत्याच. गल्लीनं रांग लावून त्या खाली आणल्या. कामगारांनी बुंध्याभोवतीची ती फोडलेली जागा साफ केली, वाळू पसरली, विटा बसवल्या.

आत्या पुढे झाली. गडबडीनं हात पुढे केला. "नको. पकडलंस तर कळणार कसं?"

एक पाऊल. काठी. दुसरं पाऊल. मधली एक वीट डुगडुगली. "हलतंय," आत्या म्हणाली आणि तिथेच थांबली.

गडबडीचे डोळे भरलेच होते. पण साहेब कामगाराकडे न बघता स्वतःच गुडघ्यांवर बसले, वीट काढली, खाली मूठभर वाळू दाबली, वीट परत बसवून वर तळहातानं थापटलं. "आता बघा, ताई."

आत्यानं त्याच विटेवर काठी टेकली. मग पूर्ण भार टाकला. मग, खरंच सांगते, पाय आपटला. दुखऱ्या पायानं.

"तोडा," ती साहेबांना म्हणाली. "सगळीकडचं तोडा आणि असंच करा. पण ही वीट बसवली तशी प्रत्येक वीट बसवायची."

गडबड आत पळाली, बादली घेऊन आली आणि बुंध्याशी पाणी ओतलं. या वेळी ते रस्त्यावर गेलं नाही. फटींतून बुडबुड करत आत शिरलं आणि दिसेनासं झालं. सगळी गल्ली वाकून बघत होती, जणू विहिरीत कुणाची किल्ली पडलीये. आत्या म्हणाली, "बिचारं किती तहानलं होतं."

सगळी झाडं वाचली असं नाही. टोकाचं एक गेलंच, फार उशीर झाला होता. त्याच्यासाठी गडबड अजूनही रडते. पण आत्याच्या खिडकीतलं सावरतंय. सावली अजून विरळ आहे, कापडावर उन्हाचे ठिपके पडतात, पण आहे. आत्या रोज दुकानापर्यंत जाते आणि वाटेत त्या विटेवर मुद्दाम काठी आपटते. साहेब परवा कामासाठी गल्लीत आले होते, तर चहा प्यायला थांबले. गडबडीनं केला होता. उकळलेला!

मला हे लिहायला लावलं ते त्या अर्ध्या कापलेल्या फोटोनं. माझ्याही फोनमध्ये असे कितीतरी आहेत. तुमच्याही असतील. तुमच्या भागातही पाणी सोडणारं, दिवे लावणारं, रस्ता खोदणारं कुणीतरी असेल, ज्याच्यावर तुम्ही फक्त बोटांनी ओरडला आहात. पंख्याखाली फुटक्या टाइलचा तुकडा घेऊन बसलेला असेल तो. जा ना, भेटून या. आणि आधी घरातल्या आत्याला विचारून जा. पण लवकर जा, झाडं फार दिवस थांबत नाहीत.