राखीव रांग

घरगुती मसाले करणाऱ्या बायकांसाठी मी भरवलेल्या शिबिराला सगळ्यात आधी आली ती एक बाई. येऊन पहिल्या रांगेत बसली. "दहालाच सुरू होईल ना हो? माझी परतीची एसटी बाराची आहे." मी छातीठोकपणे हो म्हणालो.

साडेदहाला कार्यकर्ता तिच्याकडे धावला. "ताई, ही रांग पाहुण्यांची आहे, जरा मागे बसता का?" ती पिशवी उचलून मागे गेली. मग पाहुण्यांसोबतची मंडळी आली, तशी ती आणखी मागे सरकली. असं करत करत ती दारापाशी पोचली. प्रत्येक वेळी "हो हो" म्हणत, हसून.

मला माझाच राग येत होता. महिनाभर पत्रकं वाटली, फोन करकरून गळ घातली, ती कोणासाठी? न आलेल्यांसाठी आलेल्यांना ताटकळत ठेवण्यात आपला हात कोणी धरू शकणार नाही. वेळ पाळणाऱ्यालाच शिक्षा, आणि उशिरा येणाऱ्याला शाल-नारळ.

दीपप्रज्वलन झालं, सत्कार झाले, प्रत्येकाचे 'दोन शब्द' झाले. पाहुणे उठून गेले. बारा वाजता व्याख्याते माईक हातात घेऊन म्हणाले, "मागचे सगळे पुढे या, इथे जागाच जागा आहे."

मी दाराकडे पाहिलं. तिच्या खुर्चीवर फक्त माझं पत्रक होतं. 'कार्यक्रम ठीक दहा वाजता सुरू होईल' या ओळीखाली तिनं पेनानं रेघ मारलेली होती.