दोघांच्या मापाची गोधडी

आत्या आमच्या गिरगावातल्या दोन खोल्यांत परत आली तेव्हा ती वीस वर्षांची होती, आणि मी अजून जन्मायची होते. लग्नानंतर दीड वर्षात नवरा विषमज्वरानं गेला आणि सासरच्यांनी तिला ट्रंकेसकट माझ्या वडिलांच्या दारात आणून सोडलं. मी सात वर्षांची असताना माझी आई गेली. मग माझी वेणीफणी, शाळा, आजारपणं, सगळं आत्यानंच केलं. फिकट लुगडं, मोकळं कपाळ, हातात काही नाही. मी तिला आत्या म्हणायचे म्हणून बाबाही आत्याच म्हणायला लागले, आणि मग सगळी चाळच.

मी मॅट्रिक झाले त्या वर्षी मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणांनी आमची गल्ली सतत दुमदुमत असे. चाळीतल्या बायकांबरोबर आत्या शिवाजी पार्कवरच्या सभेला गेली, पुढे सत्याग्रहात पकडली गेली आणि आठ दिवस तुरुंगात राहून आली. बाबा सरकारी कचेरीत कारकून होते. त्यांना भीती वाटायला हवी होती, पण ते दोन-तीन दिवस छाती काढून गॅलरीत फिरत होते. "आमची आत्या काय ऐकते का कुणाचं?" असं शेजाऱ्यांना सांगत होते.

परत आल्यावर आत्यानं गोधडी शिवायला घेतली. तिनं आजवर चाळीतल्या निम्म्या बाळांच्या दुपटी-गोधड्या शिवल्या होत्या, पण ही वेगळी होती. तिनं आधी खडूनं शहाबादी फरशीवर चौकट आखली. मधोमध एक मोठा चौकोन, त्याच्याभोवती पट्ट्यांचे चार वेढे, बाहेरचा वेढा गडद, आतला फिका. मग कपाटं उपसली. अस्तराला बाबांची जुनी धोतरं. पट्ट्यांना माझे आखूड झालेले परकर, शेजारच्या शिंप्याकडची कातरणं, कुणाची फाटकी साडी. एकेक तुकडा ती चौकटीत ठेवी, उभी राहून लांबून बघे, पुन्हा उचले. हिरव्याशेजारी हिरवा आला की तिला चालत नसे.

"केवढी मोठी!" शेजारच्या काकू उंबऱ्यातून म्हणाल्या. "जावयाच्या मापानं चाललंय वाटतं."

मी लाजले. माझ्या लग्नाचं बघायला सुरुवात झालीच होती. आत्या पट्टी सरळ करत राहिली. तोंडात सुई होती तिच्या.

मधल्या चौकोनाला तिनं माझ्याकडे आईचं लुगडं मागितलं. वांगी रंगाचं इरकली, तांबड्या काठांचं. आईच्या वस्तूंपैकी तेवढंच एक मी माझ्या पेटीत ठेवलं होतं, कारण माझ्याकडे आईची एकच धड आठवण होती आणि ती त्या लुगड्यातली होती. खिडकीपाशी उभी, पाठमोरी, मग वळून हसते, कपाळावर मोठं कुंकू. चेहरा नीट आठवत नसे. पण तो रंग आठवे. मी मोठ्या मनानं लुगडं काढून दिलं. म्हटलं, सासरी माझ्याबरोबरच तर येणार आहे.

दोन महिने गोधडी चालली. बाहेरून आत धावदोरा घालत आत्या सरके, मी सुया ओवून देई. शेवटी काठ दुमडायचा राहिला. रविवारची दुपार होती. बाबा आरामखुर्चीत पेपर वाचत होते. मान वर न करता आत्या म्हणाली,

"दादा, एवढा काठ झाला की मी जाणार."

"कुठे? पुन्हा सत्याग्रहाला?"

"लालबागला. लग्न करून."

बाबा हसले. खरंच हसले. त्यांना वाटलं, ती थट्टा करतेय. आत्यानं दोरा दातानं तोडला आणि तशीच बसून राहिली. मग बाबांच्या हातातला पेपर हळूहळू मांडीवर आला. बेचाळीस वर्षांची आत्या! माझी आत्या!

"कोण आहे?" बाबांनी विचारलं.

"छापखान्यात मशीन चालवतात. आपली चळवळीची पत्रकं तेच छापून आणून द्यायचे. बायको जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी सासरी आहे."

"कुठले?"

"मालवणकडचे."

बाबा उठले, टोपी घातली आणि बाहेर निघून गेले. आठ दिवस तुरुंगात राहून आलेली बहीण त्यांना चालली होती, लग्न करणारी चालत नव्हती.

आणि मला? मला वाईट वाटलं म्हणणं खोटं ठरेल. मला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं होतं. मी एवढंच विचारलं, "मग ही गोधडी कुणाची?"

"माझी," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती भाजी आणायला गेली तेव्हा मी गोधडी उलगडली, बाबांच्या दाढीचं पातं घेतलं आणि मधल्या चौकोनाचे टाके उसवायला लागले. माझी आई ती लालबागला घेऊन जाणार, एका परक्या माणसाच्या अंगावर घालणार! दोन बाजू उसवून झाल्या आणि दारात आत्या दिसली. मी थांबले नाही. ओरडेल, रडेल, काहीतरी करील असं मला वाटत होतं. तिनं पिशवी खाली ठेवली, शिवणाच्या डब्यातली लहान कात्री काढली आणि माझ्यापुढे धरली.

"पात्यानं कापड फाटेल. हिनं काढ."

मग ती माझ्यासमोर बसली.

"तू पाच वर्षांची होतीस. तुझ्या आईला दिवाळीचं हे लुगडं आणलं होतं. घडीही मोडली नव्हती. ती म्हणाली, वन्सं, एकदा नेसून दाखवा मला. मी नको नको म्हणत होते. तिनं दार लावलं, मला नेसवलं, कुंकू लावलं. म्हणाली, खिडकीपाशी उभ्या राहा, उजेडात बघू दे. तू पाटावर बसून शेंगदाणे खात होतीस."

माझ्या हातातली कात्री तशीच राहिली.

"तेवढ्यात दादा आला. दार उघडलं. त्यानं बघितलं, आणि काही न बोलता जिन्यात जाऊन उभा राहिला, माझं बदलून होईपर्यंत. नंतरही कधी बोलला नाही. पण तुझ्या आईनं ते लुगडं पुन्हा अंगाला लावलं नाही. म्हणाली, हे तुमचंच, वन्सं. मी नेसणार नाही."

"आईनं कधीच नेसलं नाही?"

"एकदाही नाही."

खिडकीपाशी उभी, पाठमोरी, मग वळून हसणारी. अकरा वर्षं मी जिला आई समजून डोळे मिटून बघत होते, ती समोर बसलेली होती. मी तिच्या कपाळाकडे बघितलं. आईची म्हणून माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं. मला रडूही येईना. आत्याला यातलं काही माहीत नव्हतं, आणि मी ते तिला तेव्हा सांगितलं नाही. पुढे कधीतरी सांगितलं.

बऱ्याच वेळानं मी सुई ओवली आणि उसवलेल्या दोन्ही बाजू परत शिवल्या. माझे टाके लांब, वेडेवाकडे. आत्यानं ते तसेच ठेवले. तिच्या बारीक टाक्यांशेजारी ते लांबूनही ओळखू येत.

लग्न रजिस्टर पद्धतीनं झालं. बाबा आले नाहीत. मी गेले, बाबांना न विचारता. नवरदेवांचं पांढरं धोतर, काळी टोपी, नखांत धुऊनही न निघालेली शाई. मला म्हणाले, "तू इलंस, बरां झालां गो." तिथल्या कारकुनानं कागद बघून मोठ्यानं एक नाव पुकारलं. मी मागे वळून कोण आलंय ते बघायला लागले. आत्या म्हणाली, "मीच." लग्नाआधीचं, आजोबांनी ठेवलेलं तिचं नाव अठरा वर्षांत मी पहिल्यांदा ऐकत होते.

बाबा तिच्याशी तीन वर्षं बोलले नाहीत. चाळीत दोन महिने बायका मला बघून गप्प होत, नंतर त्याच बायका लालबागला ट्रामनं जाऊन तिचा संसार बघून आल्या.

मग मुंबईसह महाराष्ट्र झाला. गल्लीत तोरणं लागली होती, सनई-चौघडा चालू होता. माझं लग्न झालं होतं, त्या दिवशी मी माहेरी आले होते. सकाळी दहाच्या सुमाराला दार वाजलं. बाहेर आत्या, हातात पेढ्यांचा पुडा, मागे एक पायरी खाली ते. बाबा दारात जाऊन उभे राहिले. वाट सोडेनात, दारही लावेनात. आत्यानं पुडा पुढे केला. तो त्यांनी घेतला. मग तिच्या खांद्यावरून मागे बघत म्हणाले,

"तुम्ही चहा घेता ना?"

आत्याच्या यजमानांना पित्ताचा त्रास होता. चहाला ते कधी शिवत नसत, हे मला ठाऊक होतं.

"घेतो," ते म्हणाले, आणि चपला काढायला वाकले.