पुढच्या खेपेला

माझ्या हातून झालेल्या गाढवपणांची यादी मोठी आहे, पण हा एक असा की सांगताना मी स्वतःच चहा खाली ठेवतो. तुम्हीही ठेवा. ठसका लागेल.

मला हलकं सामान घेऊन फिरायचा माज आहे. कुकटपल्लीतल्या घरून परभणीकडच्या आमच्या गावी आठवडाभर जायचं असलं, तरी पाठीवर एकच सॅक. वजनाचा काटा पाच किलोच्या वर गेला तर मी टॉवेल काढून ठेवतो. गावी कुणाचा ना कुणाचा पंचा मिळतोच की!

आमच्याच शहरात, मलकपेठेत राहणाऱ्या माझ्या काकांना याचं कौतुक नव्हतं. मी गावी निघालो की त्यांचा फोन ठरलेला. "येताना आपल्या गुऱ्हाळावरची एक ढेप आण रे बाबू."

"काका, गूळ तुमच्या गल्लीतही मिळतो."

"हौ, मिळतो. तो नक्को. आपल्या गावचा पाहिजे."

आता पाच किलोची सॅक आणि दहा किलोची ढेप, जमायचं कसं? मी म्हणायचो, "पुढच्या खेपेला नक्की आणतो, काका." असं चार वर्षं चाललं.

गेल्या खेपेला काका अंथरुणाला खिळलेले होते. बायकोने बजावलं, "अहो, या वेळी तरी ढेप आणा." गुऱ्हाळवाल्याने ती गोणपाटात बांधून बसस्टँडवर आणूनही दिली. मी उचलली, खांद्यात कळ आली, आणि तिथल्या चहावाल्याला देऊन टाकली. मनात म्हटलं, पुढच्या खेपेला.

तीन दिवसांनी काका गेले.

दहाव्याला आम्ही सगळे शहराबाहेरच्या तळ्यावर जमलो. पिंड मांडला आणि कावळा काही शिवेना. समोरच्या बाभळीवर दोन बसलेले, पण खाली उतरायचं नाव नाही. ऊन चढलं. काकूंनी सकाळपासून पाणीही घेतलं नव्हतं. "यांचा जीव कशात अडकलाय रे?" असं प्रत्येकाला विचारत होत्या.

मग वचनं सुरू झाली. चुलतभाऊ सुधीर म्हणाला, "बाबा, आईला मी अंतर देणार नाही." कावळे ढिम्म. त्याची बहीण म्हणाली, "बाबा, मी सुधीरशी बोलेन." दोन वर्षांचा अबोला मिटला, तरी ढिम्म. सुधीरने सिगारेट सोडली, जावयाने पत्ते सोडले. अख्खं घर सुधारत चाललं होतं आणि खरं कारण एकट्या मला माहीत होतं. मला स्वतःची लाज वाटली.

काकूंचा चेहरा बघवेना, तेव्हा मी पुढे झालो. चहावाल्यासकट सगळं सांगून टाकलं आणि हात जोडले. तसा एक कावळा खालच्या फांदीवर आला. काकू उठून उभ्या राहिल्या.

आणि मी, सवयीने, म्हणालो, "काका, पुढच्या खेपेला नक्की आणतो."

दोन्ही कावळे उडून गेले.

काकू रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. डोळे पुसत त्या एवढंच म्हणाल्या, "त्यांना पाठ होतं रे हे."

शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. गवताच्या चार काड्या. काकांच्या शेवटच्या प्रवासालाही मी सामान हलकंच दिलं.