प्रमाणपत्रातला ण

"'प्रमान' नव्हे, वकीलसाहेब. प्रमाण. आधी म्हणायला शिका, मग दाखवा."

बचाव पक्षाचे ज्येष्ठ वकील असे म्हणाले आणि भरलेले न्यायालय हसले.

मी सरकारी वकील. हातात एक सीडी. लालबागच्या चाळीतील एका तरुणीची बनावट छायाचित्रे तिच्या वरिष्ठाने कार्यालयभर पाठवली होती; ती त्या सीडीत होती. मूळ संगणकावरून ही प्रत जशीच्या तशी घेतली, असे लिहून देणारे प्रमाणपत्र मात्र जोडायचे राहिले होते. तपास अधिकाऱ्याकडून राहिले, माझ्या नजरेतून सुटले.

मला फक्त पुढची तारीख मागायची होती. तेवढ्यात तो कागद आला असता.

पण तो ण मला लागला. गिरण्यांचा संप चालू असताना, वडील घरी बसलेले असताना, गिरगावातील एका शास्त्रीबुवांनी मला विनामूल्य संस्कृत शिकवले. आईच्या बोलीतला न जिभेवरून पुसला जावा म्हणून मी वर्षानुवर्षे देवापुढे स्तोत्रे घोकली. आणि त्या दिवशी, घाईत, तोंडातून आईचाच न निघाला.

मी उच्चार सुधारला. "प्रमाण," असे स्पष्ट म्हणालो. आणि तारीख न मागताच खाली बसलो.

सीडी पुराव्यात घेतली गेली नाही. आरोपी सुटला.

मुलीचे वडील माझ्या वडिलांच्याच गिरणीतले. बाहेर त्यांनी मला हळूच मालवणीत विचारले, "साहेब, तुमी खाली कित्याक बसलात?" मुलगी जिन्यापाशी पाठमोरी उभी होती. ती वळली नाही.

पुढे मी न्यायाधीशांच्या प्रशिक्षणात डिजिटल पुरावा शिकवू लागलो. एकदा शीव कोळीवाड्यात वाढलेल्या एक नव्या न्यायाधीश उठल्या.

"सर, प्रमानपत्र राहिलं असेल, तर तारीख द्यावी का?"

हशा पिकला. तेच ज्येष्ठ वकील त्या दिवशी पाहुणे होते. म्हणाले, "बाई, आधी ण दुरुस्त करा."

मी उभा राहिलो. "साहेब, उच्चार सगळ्यांनी ऐकला. प्रश्न कुणी ऐकला?"

मग माझा खटला सांगितला. माझ्या खाली बसण्यासकट. वर्गाने 'तारीख द्यावी' असे लिहून घेतले. त्या मुलीला त्याचा काय उपयोग?

शास्त्रीबुवांचा ण मी आजही पूजेत जपतो. क्षमा मात्र देवाजवळ मागत नाही; ती त्याने द्यायची नाही. वर्गात मी 'प्रमान'च म्हणतो. कुणी हसले, की त्या वडिलांचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत फळ्यावर लिहितो.

आणि शिकवताना माझ्यामागे खुर्ची ठेवू देत नाही.