चौगुले सरांची तीन मिनिटं

समोरचा माणूस चिडला, की चौगुले सर मनगटावरच्या घड्याळात बघायचे. "तीन मिनिटं. ॲड्रिनलिन उतरू दे, मग बोलू." कोल्हापुरात आमच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवायचे आणि मी त्यांच्या हाताखाली डेमॉन्स्ट्रेटर होतो. एकदा खुद्द प्राचार्यांवरही त्यांनी घड्याळ लावलं. प्राचार्यांना शांत व्हायला आठ दिवस लागले.

सरांच्या मते स्वभाव नावाची चीज नव्हतीच. मेंदूतली एक पेशी रसायन सोडते, शेजारची ते झेलते, आणि त्यालाच आपण प्रेम, भांडण, भक्ती म्हणतो. "कोण काय म्हणतंय ते सोडा. आत काय पाझरतंय ते बघा की," असं ते वर्गात बजावत. घरी काकूंनी कुरकुर केली तरी हेच. शेवटी काकूंनी बोलणंच सोडलं. आमच्या हिचं रसायन फार शांत, असं सर कौतुकानं सांगायचे. त्या शांतपणाचं कौतुक मीही केलं, याची आता लाज वाटते.

सत्तरचं दशक संपता संपता काकूंना कंपवात झाला. हात थरथरायचा, चेहरा हलेना, आवाज जवळजवळ गेला. मेंदूत डोपामिन कमी पडतं म्हणून हे होतं, हे सर वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवत आले होते. आता त्यांची झोप उडाली. धावपळ करून त्यांनी मुंबईहून लेव्होडोपाच्या गोळ्या मागवल्या. थोड्याच दिवसांत काकू आपल्या हातानं चहा करू लागल्या, आणि बोलूही लागल्या. आधी भाजीतल्या मिठावर, मग सरांवर. कुरुंदवाडला माहेरी न पाठवलेल्या दिवाळ्यांपासून सगळं निघालं.

डॉक्टर म्हणाले, या औषधानं कधी कधी माणूस चिडका होतो. डोस कमी करून बघता येईल, पण हात आणि आवाज पुन्हा जातील. सरांना हवं ते उत्तर मिळालं. त्या संध्याकाळी मी तिथेच होतो. काकूंचं सुरू होताच सरांनी मनगट वर केलं.

"हे तू बोलत न्हाईस. गोळी बोलतीया."

काकूंनी भरलेला कप खाली ठेवला. थेंबही सांडला नाही.

"आणि तीस वर्षं मी गप बसले, ती कुठली गोळी हुती?"

सरांचा हात हळूहळू खाली आला. दुसऱ्या दिवशी ते डॉक्टरांना सांगून आले, डोस आहे तेवढाच राहू द्या. पुढची सहा वर्षं काकू बोलत राहिल्या आणि सर ऐकत राहिले.

काकू गेल्यानंतर मी भेटायला गेलो, तर मी केलेल्या चहात साखर जास्त झाली म्हणून सर माझ्यावर ओरडायला लागले. सवयीनं माझी नजर त्यांच्या मनगटावर गेली. तिथं घड्याळ नव्हतं. मी गप्प बसून राहिलो. दमल्यावर ते म्हणाले,

"तू तरी बोल की काहीतरी. घर लई गप झालंय."