घरात माणसं किती?

…नाही गं, तसं नको लिहूस. ‘आत्याने व्यवसाय सुरू केला’ काय, पेपरात छापायचंय का? आत्याने पोरं सांभाळायला घेतली, असं लिही. मी बोलते तसं. आणि तो पंखा जरा कमी कर, माझं निम्मं बोलणं तोच खातोय.

हां. तर तुझ्या आत्याचा कारखाना बंद पडला. जन्मभर दुसऱ्यांच्या शर्टांना काजं केली माझ्या लेकीने, आणि एक दिवस बघते तर फाटकाला टाळं. जावई जाऊन तर किती वर्षं झाली. तुझा आतेभाऊ लंबू तिकडे लांब, दुसऱ्या देशात. घरात आम्ही दोघी मायलेकी, एकमेकींची तोंडं बघत बसलेल्या.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरची नर्सबाई आली, दोन काखांत दोन जुळी घेऊन. “ताई, माझी रजा संपली. यांना ठेवून घ्या. पण लायसन काढा हं, लायसनचं पाळणाघर असेल तरच आमचं हॉस्पिटल पैसे देतं.”

आत्या लगेच हो म्हणाली. दर विचारला तर असा काही आकडा सांगितला, की नर्सबाई हसायलाच लागली. “अहो ताई, एवढ्यात कुणी माझं मांजरसुद्धा सांभाळणार नाही!” मग बसली तिथेच फतकल मारून. दूध, साबण, गॅस, पाणी, फुटणारे कप, सगळं धरायला लावलं. म्हणाली, “माया करा हो, पण दर हिशेबाने लावा.” अर्ध्या दिवसाचा वेगळा, पूर्ण दिवसाचा वेगळा. तान्ह्याचा जास्त, कारण तान्हं म्हणजे दोन हात अडकलेच. सगळं पटलं आत्याला. पण ‘उशिरा नेल्यास जादा आकार’ म्हटल्यावर अडून बसली.

“उशीर झाला तर झाला. बसेल पोर माझ्याजवळ.”

“अहो, मग सगळेच रोज उशीर करतील!”

“करू देत की.”

नर्सबाईला वाटलं, किती भोळी बाई. मला ठाऊक होतं. संध्याकाळ झाली की लंबू जिन्यावरून धाडधाड वर यायचा. आता ती वेळ झाली की हिला उगीचच भांडी घासायची असतात. घासलेलीच परत घासते.

मग आल्या लायसनच्या तपासणीच्या बाई. गळ्यात ओळखपत्र, हातात ती खटकन आत जाणारी टेप. आत्याने आपल्या शिवणाच्या टेपने आधीच सगळं घर मोजून ठेवलेलं. बाई म्हणाल्या, “पलंगाखालची जागा का धरलीत?”

“म्हणजे काय? पोरं तिथेच तर जास्त रमतात!”

बाई गालातल्या गालात हसल्या. “रमू देत हो ताई, पण सरकार धरत नाही. मोकळी जमीन तेवढीच.”

इथवर सगळं ठीक चाललेलं. मग त्यांनी विचारलं, “घरात माणसं किती?”

आत्या म्हणाली, “तीन.”

मी वळून तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघेना.

“तिसरं कोण?”

“मुलगा.”

“कुठे आहेत?”

“बाहेर गेलाय.”

अशी म्हणाली, जसा काही कोपऱ्यावर दूध आणायला गेलाय. चार वर्षं झाली गं त्याला जाऊन!

बाईंना काय माहीत? त्या म्हणाल्या, “मग त्यांचा पोलिसांचा दाखला लागेल, डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागेल. आणि आतली खोली त्यांची, ती धरता येणार नाही. बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन आहे, आजींची खाट आहे. तीन मुलं बसतील फार तर.”

तिघांवर कुठे घर चालतंय? त्यातली दोन नर्सबाईचीच. बाई म्हणाल्या, “पुढच्या आठवड्यात इकडे यायचंय मला. काही बदल असेल तर तेव्हा सांगा.”

त्या गेल्यावर मी म्हटलं, “अगं, खोटं कशाला बोललीस?”

“खोटं काय त्यात? पलंग आहे त्याचा.”

पलंग होता, ते खरंच. लंबूचे पाय पलंगाबाहेर जायचे, म्हणून पायथ्याशी एक स्टूल ठेवलेलं. तेसुद्धा तिने हलवलं नव्हतं. दर आठवड्याला चादर बदलायची. कुणी न निजलेली चादर धुवायची, वाळवायची, परत घालायची. मी एकदा म्हटलं, अगं मळते तरी का ती? तर आठ दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

रात्री त्याचा फोन आला. आत्याने भीतभीत सांगितलं, तुझी खोली मागतायत. तो पटकन म्हणाला, “मग काढ ना पलंग, आई. मी थोडाच आता राहायला येणारे?”

वाईट मनाने नाही बोलला गं पोरगा. आईची सोय बघत होता. पण तिने फोन ठेवला आणि त्या पलंगावर जाऊन बसली, हात मांडीत घेऊन. मी दारातूनच परत फिरले. आपल्याच लेकीला काय सांगणार?

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी पलंग खोलला. मी पाय धरला, तिने स्क्रू काढले. एकेक स्क्रू मोजून डब्यात, डब्याला फडकं घट्ट बांधलं. फळ्या माळ्यावर. स्टूल तेवढं खाली ठेवलं. म्हणाली, “हे राहू दे, पोरांना बसायला होईल.”

बाई आल्या, आतली खोली मोजली. मग परत तोच प्रश्न. “आता सांगा, घरात माणसं किती?”

आत्या पदराने स्टूल पुसायला लागली. माझ्या जिभेवर आलेलं, पण गिळलं. हे तिच्याच तोंडून यायला हवं होतं.

“दोन,” ती म्हणाली. मग घाईघाईने, “पण तो आला तर?”

बाईंचा पेन थांबला. “आला तर कळवा ना, ताई. कागद बदलू. त्यात काय एवढं?” आणि सात मुलांची परवानगी लिहिली.

आता बघ, पोरं घर नुसतं डोक्यावर घेतात. जुळ्यांतली ती चिमुरडी, चालू-बोलू लागलीय आता, स्टूल ओढत खिडकीपाशी नेते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारते. दारावरच्या दरपत्रकात उशिराच्या पैशांची ओळ शेवटी नर्सबाईनेच लिहिली, स्वतःच्या हाताने. तरी सगळ्यात जास्त उशीर तीच करते, आणि आत्या तिच्याकडून छदाम घेत नाही.

दुपारी पोरं निजली की घर चिडीचूप होतं. तेव्हाही आत्या आडवी होत नाही. दाराजवळ बसून कुणाकुणाची बटणं लावते. जिन्यावर पाऊल वाजलं की सुई थांबते.

तू मोबाइलवर लंबूशी बोलतेस ना? त्याला म्हणावं, फळ्या माळ्यावर नीट आहेत, स्क्रू एकही हरवलेला नाही. आणि कधी आलासच, नि दुपारचा आलास, तर बेल वाजवू नकोस म्हणावं, पोरं उठतील. नुसतं दारावर बोट टेकव. तुझी आई जागीच असते.