कापसानं सरकवलेला कोपरा

सागवानाच्या ताज्या भुशाचा वास आला की मला दिग्रसच्या घरातला तो कोपरा आठवतो. भिंतींच्या पायथ्याशी लाकडी पट्टी बसवायची होती. मिस्त्रींनी जोडाची दोन्ही टोकं पंचेचाळीस अंशांत कापली, तरी कोपऱ्यात फट राहिली. दुसऱ्यांदा कापूनही तेच झालं. आता एकच पट्टी उरली होती. "काकू, माप तं बराबर हाये, मंग हे जुळून काहून नाही राह्यलं?" मिस्त्रींनी विचारलं. आई हसली. "या खोलीत आम्ही आढ्यापर्यंत कापूस भरत होतो भाऊ, तुडवू तुडवू. भिंत सरकली असन." मग मिस्त्रींनी कोपऱ्यात पुठ्ठा दुमडून धरला, त्या कोनाच्या निम्म्यात शेवटच्या पट्टीचे दोन तुकडे कापले आणि ते घट्ट बसले. आता माझ्या फ्लॅटचे सगळे कोपरे काटकोनात आहेत. इथे आम्ही असं काय भरणार, की भिंतीला सरकावं लागेल?